चिंगीचं वावडं

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी मुलगी वसतिगृहातून घरी आली. जूनमध्ये पुण्याला शिकायला गेली, त्यानंतर पहिल्यांदाच. पाठीवरची पिशवी उतरवायच्या आधी तिनं आमच्या मांजराला, चिंगीला, उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. तासाभरात शिंका सुरू झाल्या. जेवताना डोळे लाल, झोपताना नाक चोंदलेलं. पहाटे तीनच्या सुमारास उठून पाहिलं, तर ती दोन उशा पाठीशी लावून बसली होती आणि तिच्या छातीतली बारीक शिट्टी मला दारातूनच ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी घरात कारणांचा शोध सुरू झाला. सासूबाईंच्या मते साफसफाईत उडालेली धूळ. नवऱ्याच्या मते चकल्यांच्या कढईचा धूर. शेजारच्या वहिनींनी फटाक्यांना बोल लावला. चिंगीचं नाव कुणीच घेतलं नाही. कसं घेणार? बारा वर्षांची असताना पोरीनं ते पिल्लू आणलं होतं आणि त्यानंतर सहा वर्षं दोघी एका पांघरुणात झोपल्या होत्या. वावडं असतं, तर तेव्हाच कळलं नसतं का?

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “वसतिगृहात सर्दी होती का?” तेव्हा मला आठवलं, ऑगस्टमध्ये ती फोनवर म्हणाली होती, “आई, मला पुण्याची हवा मानवली. नाक एकदम मोकळं आहे.” शाळेत असताना तिच्या दप्तरात कायम रुमाल असे, सकाळी उठल्यावर चार-पाच शिंका ठरलेल्या. आम्ही म्हणायचो, पोरीची प्रकृतीच सर्दीची. सहा वर्षं ती आजारी होती आणि आम्ही त्याला प्रकृती म्हणत होतो, हे मला अजून बोचतं.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. कॉलेजात गेलेली मुलं तेव्हा घरी येतात, घरातल्या मांजराला जवळ घेतात आणि शिंकू लागतात. तिथल्या डॉक्टरांच्या बोलण्यात याला ‘थँक्सगिव्हिंग इफेक्ट’ असं नावच पडलं आहे. रोज संपर्क असताना शरीराचा विरोध बोथट होऊन धुमसत राहतो. काही महिने लांब राहिलं की तो बोथटपणा जातो, आणि पहिल्याच भेटीत भडका उडतो. आपल्याकडे वसतिगृहं वाढली, घरोघरी कुत्री-मांजरी आली. दिवाळीच्या सुट्टीत हेच घडत असलं, तरी फटाके आणि फराळ यांच्या गर्दीत ते कुणाच्या ध्यानात येत नसावं.

वावडं हा आपला फार नेमका शब्द आहे. एखाद्याला वांग्याचं वावडं असतं, तेव्हा दोष वांग्याचा नसतो. इतर दहाजण ते चवीनं खातात. १९०६ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अॅलर्जी’ हा शब्द घडवला, तो ग्रीक भाषेतल्या ‘वेगळं’ आणि ‘क्रिया’ या दोन शब्दांवरून. बाहेरच्या वस्तूला शरीरानं दिलेलं बदललेलं उत्तर, असं त्यांना म्हणायचं होतं. हे उत्तर देतं कोण, ते कळायला आणखी साठ वर्षं लागली. १९६६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं, आणि जवळजवळ त्याच वेळी स्वीडनमधल्या गुन्नार योहान्सन आणि हान्स बेनिच यांनी, रक्तात अत्यल्प प्रमाणात असणारं एक प्रतिपिंड शोधून काढलं. आज त्याला आयजीई म्हणतात. वावडं असलेल्या माणसाच्या शरीरात मांजराच्या एका प्रथिनाविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होतं आणि नाक, डोळे, श्वासनलिका यांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. पुढच्या वेळी ते प्रथिन आलं, की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि हिस्टामिन सोडतात. शिंका, पाणी, खाज हे सगळं काही मिनिटांत. पण गोष्ट तिथं संपत नाही. चार-आठ तासांनी दुसरी लाट येते, अस्तर सुजतं, नाक बंद होतं, छाती आवळते. संध्याकाळी मांजर घेतलं आणि पहाटे धाप लागली, याचा मेळ त्यामुळे चटकन बसत नाही.

आता केसांविषयी. ‘मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो’, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मांजर स्वयंपाकघरात शिरलं की आजी आधी दुधावर झाकण ठेवायची, ते केसाच्या भीतीनं. झाकण ठेवणं चांगलंच, पण केस निर्दोष आहे. खरा उपद्रव ज्याचा, त्या प्रथिनाला शास्त्रज्ञ ‘फेल डी १’ म्हणतात. मांजराचं जुनं शास्त्रीय नाव फेलिस डोमेस्टिकस, त्याची ही आद्याक्षरं. मांजराचं वावडं असणाऱ्या शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांची तक्रार याच एका प्रथिनाशी असते. ते तयार होतं मांजराच्या कातडीतल्या तैलग्रंथींत, लाळेत आणि गुदग्रंथींत. मांजर दिवसातून कितीतरी वेळा अंग चाटतं. लाळ केसांवर वाळते, कातडीचा बारीक कोंडा सुटतो आणि हे सगळं हवेत जातं.

ते किती बारीक असतं, हे समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फेल डी १ वाहून नेणारे बरेच कण ५ मायक्रॉनपेक्षाही लहान. परागकण किंवा घरातल्या धुळीचे मोठे कण थोड्या वेळात खाली बसतात. हे तासन्‌तास तरंगत राहतात आणि नाक ओलांडून थेट श्वासनलिकेत उतरू शकतात. शिवाय चिकट इतके, की भिंतीला, पडद्याला, गादीला, माणसाच्या सदऱ्याला धरून बसतात. ज्या घरात कधी मांजर नव्हतं अशा घरांच्या धुळीतही हे प्रथिन सापडलेलं आहे. स्वीडनमध्ये दमा असलेल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. त्यांच्या स्वतःच्या घरी मांजर नव्हतं, पण वर्गात मांजरवाल्या घरांतली मुलं जास्त असली, तर सुट्टीनंतर शाळा सुरू होताच त्यांचा दमा बिघडे. मांजर शाळेत येतच नव्हतं, ते दुसऱ्यांच्या स्वेटरवर बसून येत होतं.

म्हणूनच बिनकेसांचं मांजर आणलं की प्रश्न सुटेल, ही समजूत चुकीची आहे. स्फिंक्स जातीच्या त्या सुरकुतलेल्या, लव नसलेल्या मांजराच्या कातडीतही तैलग्रंथी असतात आणि तोंडात लाळही असते. एक गोष्ट मात्र खरी आहे. सगळी मांजरं सारखं प्रथिन सोडत नाहीत. नसबंदी न केलेला बोका त्यात पुढे असतो, आणि नसबंदीनंतर त्याचं प्रमाण उतरतं. बोक्याची नसबंदी तशीही करावीच. हे तिचं आणखी एक कारण.

कुत्र्यांच्या बाबतीत ‘अॅलर्जी न होणारी जात’ या शब्दांवर मोठा बाजार उभा राहिला आहे, आणि त्याची सुरुवात एका भल्या हेतूतून झाली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वॉली कॉन्रन हे गृहस्थ अंधांसाठी वाटाड्ये कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत प्रजननाचं काम पाहत. हवाईमधल्या एका अंध बाईंनी त्यांच्याकडे कुत्रा मागितला. अडचण अशी की त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याचं वावडं होतं. पूडल जातीचे केस कमी गळतात म्हणून कॉन्रन यांनी आधी पूडल शिकवून पाहिले, पण ते वाटाड्याच्या कामाला उतरेनात. मग लॅब्रडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली गेली. त्यातल्या एकाच पिल्लानं त्या नवऱ्याला त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान. संकरित पिल्लं कुणी घेईना, तेव्हा कॉन्रन यांनी ‘लॅब्रडूडल’ हे नाव काढलं आणि जगभर मागणी उसळली. पुढे पैशासाठी वाटेल तसे संकर होऊ लागले, आजारी पिल्लं विकली जाऊ लागली, तेव्हा आपण हे सुरू करायला नको होतं, असं कॉन्रन यांनी उघडपणे सांगितलं.

मूळ प्रयोगातच उत्तर दडलेलं होतं. एकाच आईची तीन पिल्लं, आणि तिघांत फरक. तो जातीचा नव्हता, त्या त्या कुत्र्याचा होता, आणि समोरच्या एका माणसाचा. २०११ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी कुत्री असलेल्या घरांतली धूळ तपासली. ‘सुरक्षित’ म्हणवणाऱ्या जातींच्या आणि इतर जातींच्या घरांत कुत्र्याच्या प्रमुख प्रथिनाचं, म्हणजे ‘कॅन एफ १’चं, प्रमाण वेगळं निघालं नाही. पुढच्या वर्षी नेदरलँड्समध्ये तर या जातींच्या केसांत ते इतरांपेक्षा जास्तच सापडलं. तरीही आपल्या शहरांत पिल्लू विकणारे ‘हायपोअॅलर्जेनिक’ म्हणून दुप्पट पैसे मागतात, तेव्हा मला राग येतो. हजारो रुपये देऊन आणलेलं पिल्लू सहा महिन्यांत परत दिलं जातं, आणि त्यात सगळ्यात जास्त होरपळतं ते पिल्लू.

कुत्र्यांबद्दलचं एक संशोधन मात्र खरोखर उपयोगी आहे. ‘कॅन एफ ५’ हे प्रथिन कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे ते फक्त नरातच असतं. कुत्र्याचं वावडं असलेल्या काहींचं भांडण केवळ या एका प्रथिनाशी असतं. अशा माणसाला कुत्री किंवा नसबंदी झालेला कुत्रा चालण्याची शक्यता असते. घटकनिहाय रक्ततपासणीत हे कळतं. पिल्लू घ्यायच्या आधी ही तपासणी करावी आणि त्याच पिल्लाच्या सहवासात काही तास, दोन-तीनदा, घालवून पाहावेत.

पण त्याही आधी पाहायचं ते हे, की दोष जनावराचा आहे का. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, नाक-छातीच्या वावड्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गादी-उशीत राहणारे धुळीतले सूक्ष्म किडे, डस्ट माइट. झुरळांचाही वाटा मोठा. मांजर मात्र डोळ्यांना दिसतं, म्हणून दोष त्याच्यावर येतो. कातडीवर थेंब ठेवून सुईनं हलकं टोचायची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते; त्याआधी काही दिवस अॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, हे विचारून घ्यावं. नुसती चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे आजार ठरला असंही नाही. चाचणी आणि रोजचा अनुभव, दोन्ही जुळायला हवेत. आमच्या मुलीच्या हातावर दोन गांधी उठल्या, एक मांजराची, एक माइटची. सासूबाईंची धूळही अगदीच खोटी नव्हती.

पक्षी पाळणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. कबुतरं, पोपट यांच्या विष्ठेतल्या आणि पिसांवरच्या भुकटीनं होणारा फुप्फुसाचा विकार हा शिंकांच्या जातीचा नाही. त्यात कोरडा खोकला आणि वाढत जाणारा दम असतो, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर फुप्फुस कायमचं घट्ट होऊ शकतं. तिथं ‘बघू, सवय होईल’ असं म्हणायला अजिबात जागा नाही.

आमच्या घरी पहिला सल्ला मावशीकडून आला, “आठ दिवस मांजर माझ्याकडे ठेव, फरक पडतो का पाहू.” सरळ वाटणारी ही परीक्षा फसवी आहे. मांजर गेलं तरी त्याचं प्रथिन गाद्यांत, पडद्यांत, सोफ्यात राहतंच. घरातली पातळी बिनमांजराच्या घराइतकी खाली यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून मांजर निर्दोष ठरत नाही. बाहेर गेल्यावर आपलं नाक काय सांगतं, ते पाहणं जास्त बोलकं. आमच्या बाबतीत ती परीक्षा वसतिगृहानं घेतली होती, आम्ही निकाल वाचला नव्हता.

घरातला सगळ्यात परिणामकारक बदल एकच असेल, तर तो झोपायच्या खोलीचं दार. रात्रीचे सात-आठ तास, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, नाक उशीला टेकलेलं असतं. त्या खोलीत जनावरानं कधीच येऊ नये. ‘फक्त दुपारी’ नाही, ‘फक्त पायथ्याशी’ नाही. हे बोलायला सोपं आहे. पहिले दहा दिवस चिंगी दाराबाहेर ओरडायची, दाराखालच्या फटीतून पंजा आत घालायची, आणि आमच्यातलं कुणीतरी रडवेलं व्हायचं. पण दार बंद राहिलं.

एका बाबतीत आपली घरं पाश्चात्त्य घरांपेक्षा सोयीची आहेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला गालिचा हे या प्रथिनाचं कोठार, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फरशी असते. तिचा फायदा मात्र कोरडा केरसुणीचा फटकारा मारून घालवू नये. झाडलेला कण पुन्हा पंख्याच्या वाऱ्यावर चढतो. ओल्या फडक्यानं पुसणं खरं, पंख्याची पातीसुद्धा. झाडताना वावडं असलेल्या माणसानं खोलीत थांबू नये. गोधड्या, चादरी आठवड्याला धुवाव्यात. आजीच्या लुगड्यांची गोधडी होती, ती आम्ही धुऊन, उन्हात वाळवून मुलीच्या खोलीत नेली आणि मांजराची गोधडी वेगळी केली. हेपा फिल्टरचं यंत्र परवडत असेल, तर झोपायच्या खोलीत ठेवावं; तरंगते कण ते खरोखर ओढून घेतं, गादीत बसलेले मात्र नाही. कुत्र्याला अंघोळ घातल्यानं प्रथिन उतरतं, पण ते उतरतं ठेवायला आठवड्यातून दोनदा घालावी लागते. मांजराला अंघोळ घालून जो फरक पडतो तो आठवडाभरही टिकत नाही, आणि मांजराचे हाल होतात ते वेगळेच. आम्ही एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला नाही.

मांजराच्या खाण्यातूनही एक उपाय निघाला आहे. कोंबड्यांच्या अंड्यांत फेल डी १ ला धरून निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार करून ती खाद्यावर चढवायची. मांजर खाताना तोंडातल्या लाळेत ती काम करतात. २०२० साली असं खाद्य अमेरिकेत बाजारात आलं. बनवणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं. कल्पना सुंदर आहे. पण निम्मं उरतंच, तेव्हा दार बंदच ठेवावं.

औषधांबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण इथं आपण स्वतःचं फार नुकसान करून घेतो. शिंका आणि खाज यांना गोळी पुरते. चोंदलेल्या नाकाला मात्र स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा जास्त उपयोगी, आणि तो दोन दिवसांत नव्हे, एक-दोन आठवड्यांत पूर्ण गुण दाखवतो. फवारा मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं मारायचा; उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत मारला की दिशा आपसूक साधते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं आणलेले नाक मोकळं करणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. सुरुवातीला जादू वाटते, मग थेंब उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. आपली जुनी जलनेती इथं खरोखर कामाची आहे, पण पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं थेट नाही.

आणि पंप. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य किती मुलांना रात्री बसून काढायला लावतं, त्याची गणती नाही. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, पोटात घ्यायच्या गोळीची मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. पंपाला नावं ठेवून शेवटी रोगी त्या गोळीवर किंवा इंजेक्शनवर जातो. मांजराच्या वावड्यात छातीतून शिट्टी ऐकू आली, की तो प्रश्न सर्दीचा राहत नाही. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आराम देणारा पंप घेऊनही दम उतरत नसेल, तर सरळ दवाखाना गाठावा.

वावडं मुळातूनच सौम्य करायचा मार्ग म्हणजे त्याच पदार्थाची हळूहळू वाढवत नेलेली मात्रा. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांवर हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तेच तत्त्व आजही इंजेक्शनात किंवा जिभेखालच्या थेंबात वापरलं जातं. तीन ते पाच वर्षांची ही शिस्त आहे, आणि ती अॅलर्जीच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सुरू करावी. दमा ताब्यात नसताना तर अजिबात नाही.

एवढं सगळं करूनही काही घरांत जनावर दुसरीकडे द्यावंच लागतं. लहान मुलाचा दमा औषधांनीही आवरत नसेल, तर मी मुलाच्या बाजूनं उभी राहीन, दुःखानं पण ठामपणे. मात्र देणं आणि सोडणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पोत्यात घालून मांजर बाजारपेठेत किंवा नदीपलीकडे सोडून यायची रीत आपल्याकडे चालत आली आहे. घरात वाढलेल्या जनावराला भुकेच्या तोंडी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. ओळखीतलं घर शोधायला दोन महिने लागले तर लागू द्यावेत. तेवढे दिवस बंद दार आणि औषध निभावून नेतं. बाळ येणार म्हणून आधीच मांजर हलवणाऱ्यांनी तर थोडं थांबावं. लहानपणापासून जनावरांत वाढलेल्या मुलांत वावडं कमी दिसल्याचेही अभ्यास आहेत. सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, पण केवळ खबरदारी म्हणून घरातलं जनावर काढून टाकावं, असं सांगायला आधार नाही.

मे महिन्यात मुलगी पुन्हा आली. या वेळी नाकातला फवारा तिनं दोन आठवडे आधीच सुरू केला होता, पंप पिशवीत होता. चिंगी ओसरीत तिच्या मांडीवर बसली, चांगला तासभर. मग मुलीनं हात-तोंड धुतलं, अंगावरचा कुडता बदलून बादलीत टाकला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पहाटे तीनला मला सवयीनं जाग आली. दारापाशी जाऊन उभी राहिले. आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता. चिंगी उंबऱ्याला अंग टेकून झोपली होती. तिला न उठवता मी परत फिरले.